मैदानाचे कुलूप आणि नाडीचे ठोके

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींच्या मनगटावर हल्ली ठोके मोजणारी घड्याळे आली आहेत आणि गप्पांत एक नवा विषय. ‘मना बहात्तर, तुना कितला?’ मी निवृत्त क्रीडाशिक्षक असल्याने मला या चौकशीचा आनंदच होतो. पण आपल्याकडच्या व्यायामात एक खोट आहे, तिच्याबद्दल आणि उन्हाळ्यात मैदाने पहाटे उघडावीत या मागणीसाठी लिहितो.

प्रौढ माणसाची विश्रांतीतली नाडी मिनिटाला ६० ते १०० असते. लांब पल्ल्याच्या धावपटूंची ५०च्या खालीही सापडते. नियमित व्यायामाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते, त्याला सावकाश चालवणाऱ्या मज्जातंतूचाही जोर वाढतो, म्हणून तेवढेच काम कमी ठोक्यांत होते. मिनिटाला दहा ठोके कमी म्हणजे चोवीस तासांत १४,४०० कमी. मात्र हे आठवडाभरात होत नाही, दोन-तीन महिने लागतात. आणि व्यायाम सोडला की ही कमाई काही आठवड्यांतच ओसरू लागते.

इथेच आपले घोडे अडते. खान्देशात व्यायाम दिवाळीला सुरू होतो आणि होळीला संपतो. डिसेंबरात जळगावच्या मेहरूण तलावावर किंवा धुळ्यात पांझरेकाठी जी गर्दी दिसते, तिच्यातले किती जण मे महिन्यात दिसतात? भुसावळ-जळगावचा पारा ४५ ला टेकतो तेव्हा सकाळी सातलाच ऊन चावू लागते. अशा दिवसांत अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळते, घामाने पाणी कमी होते आणि हृदयाला वेग वाढवावा लागतो. एप्रिलमध्ये घड्याळात आकडा वाढला म्हणून घाबरलेले लोक मी पाहतो. त्यांतल्या पुष्कळांना आधी तांब्याभर पाणी हवे असते.

आकडा खरा हवा असेल तर सकाळी उठल्याबरोबर, चहाच्या आधी, अंथरुणातच मोजावा. अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दुसऱ्या हाताची दोन-तीन बोटे ठेवायची आणि घड्याळाचा सेकंदकाटा एक फेरी पूर्ण करेपर्यंत ठोके मोजायचे. अंगठ्याने मोजू नये, त्याची स्वतःची नाडी लागते. रात्रीचे जागरण, ताप आणि गालात धरलेली तंबाखू, तिन्हींनी आकडा चढतो. तंबाखूची पुडी खिशात ठेवून पाच किलोमीटर चालणाऱ्यांना काय म्हणावे! राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी कट्ट्याखालची रिकामी पाकिटे रोज झाडून काढावी लागतात.

खाण्यापिण्याबद्दल कट्ट्यावर बरेच काही ऐकू येते. केळी खाल्ली की ठोके उतरतात, हे त्यातलेच एक. रावेर-यावलचे केळ चांगलेच, त्यात पोटॅशियम असते, पण नाडी उतरवायचे ते औषध नव्हे आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते विचारूनच खावे. आहाराचा खरा उपयोग वजन आणि रक्तदाब आटोक्यात ठेवायला. कळण्याची भाकरी आणि भरीत यांच्यावर माझा काही आक्षेप नाही. आक्षेप भरितावर तरंगणाऱ्या तेलावर आहे, आणि शेवभाजी, पापड, लोणचे एकाच ताटात घेण्यावर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम चमचाभर. ते एवढ्यातच संपते.

चालणे आठवड्याला किमान १५० मिनिटे हवे, तेही असे की बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. मात्र प्रत्येक वाढलेल्या नाडीचा दोष आळसावर टाकू नका. आपल्याकडे बायकांमध्ये रक्त कमी असण्याचे प्रमाण मोठे आहे आणि नंदुरबारकडच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. रक्त कमी असेल किंवा थायरॉईड वाढलेले असेल तर नाडी धावतेच. अशांनी आधी तपासणी करावी. उलट बाजूने, आकडा ५०च्या खाली आणि सोबत चक्कर येत असेल तर ते धावपटूपण समजून मिरवू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही नाडी मंदावते.

आता मूळ मागणी. मेमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि चालण्याजोगा वेळ पाच ते साडेसहा एवढाच असतो. आमच्या गावातल्या मैदानाचे फाटक मात्र बारा महिने साडेसहालाच उघडते. रस्त्यावर चालावे तर अंधार, कुत्री आणि वाळूचे डंपर. बायका तर मार्चनंतर येणेच बंद करतात. जिल्ह्यातल्या सर्वच नगरपालिकांनी आणि शाळांनी १ मार्च ते १५ जून मैदाने पहाटे पाचला उघडावीत, फाटकाशी एक दिवा लावावा आणि पिण्याच्या पाण्याची सोय करावी. शिपायाची ड्यूटी बदलता येत नसेल, तर किल्ली रोज पहाटे नेऊन सातला परत आणून द्यायला आम्ही ज्येष्ठ मंडळी तयार आहोत, तसा अर्जही दिला आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, जि. जळगाव