‘शाकाहारी’ सूपमधला मासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतलं हॉटेलांची ओळख करून देणारं सदर मी नेमाने वाचते. त्यातलाच एका जपानी हॉटेलावरचा मजकूर वाचून मी आणि माझे यजमान तिथे रात्रीच्या जेवणाला गेलो. कागदी दिवे, लाकडी जाळीचे सरकते दरवाजे, मंद बासरी, सगळं छापल्याप्रमाणे होतं. जेवणाबद्दल मात्र त्या लेखात एकच परिच्छेद होता आणि त्यात ‘अप्रतिम’ सोडून फारसं काही हाती लागत नव्हतं. हॉटेलचं नाव मी लिहीत नाही. माझी तक्रार जितकी त्यांच्याबद्दल आहे, तितकीच आपल्या सदराबद्दलही आहे.

यजमान शाकाहारी आहेत, मी मासे खाते. त्यामुळे कुठेही गेलं की पहिला प्रश्न त्यांचाच असतो. मेन्यूकार्डावर मिसो सूपपुढे हिरवं पान काढलेलं होतं, तरी त्यांनी विचारलंच. वेटर मुलगा म्हणाला, “एकदम व्हेज सर. मिसो म्हणजे सोयाबीनच.” सूप आलं. यजमानांनी वाटी तोंडाला लावली आणि चेहरा खुलला. माझ्या नाकाला मात्र धुरावलेल्या सुक्या माशाचा वास आला. त्यांच्या वाटीतला एक घोट घेऊन मी म्हटलं, “अहो, ठेवा ती खाली.”

हा काही सुगरणीचा नखरा नव्हे. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर हौसेने जपानी स्वयंपाकाबद्दल वाचत, करत आले. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा, तेव्हा तो सोयाबीनचा असतो हे खरंच. पण तो ज्या पाण्यात कालवतात ते साधं पाणी नसतं, ती दाशी असते. नेहमीच्या दाशीत दोन गोष्टी असतात: कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी. ट्यूनाच्याच कुळातला बोनिटो मासा उकडून, धूर देऊन, लाकडासारखा टणक होईपर्यंत सुकवतात आणि मग रंध्याने तासून त्याच्या पापुद्र्यांसारख्या चकत्या काढतात, ती कात्सुओबुशी. सूपमध्ये माशाचा तुकडा कुठेच दिसत नाही, पण सगळं पाणी माशाचंच असतं.

मी वेटरला विचारलं, “दाशी कशाची आहे?” त्याने हा शब्दच ऐकलेला नव्हता. आम्ही आत शिरलो तेव्हा ‘इराशाईमासे!’ असा खणखणीत पुकारा करणारा हाच मुलगा. स्वागताची आरोळी त्याच्याकडून घोटून घेतली होती. पण तो रोज जे सूप वाढतो त्यात काय आहे, हे त्याला सांगायला कोणाला फुरसत झाली नव्हती. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, “मॅडम, पावडर असते.” मग मॅनेजर आले. त्यांचं म्हणणं असं, की ते फक्त फ्लेवरिंग आहे, त्यात मासा ‘असा’ नाही. ‘असा’ म्हणजे कसा, हे त्यांनी सांगितलं नाही. पावडरचं पाकीट बघायला मागितलं तर ते शेफकडे असतं म्हणाले. शेफ कामात होते.

मॅनेजर गेल्यावर तो मुलगा रिकामं पाकीट हातरुमालात धरून घेऊन आला. घटक पदार्थांत ‘बोनिटो एक्स्ट्रॅक्ट’ स्पष्ट छापलेलं होतं.

यजमान शांत माणूस. पाकीट वाचून झाल्यावर एवढंच म्हणाले, “अगं, पंचाईत अशी आहे की सूप चांगलं होतं.”

चांगलं लागणारच होतं. १९०८ मध्ये टोकियोतल्या किकुनाए इकेदा या प्राध्यापकांनी कोम्बूतून ग्लुटामेट नावाचं चव देणारं द्रव्य वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी हे नाव दिलं. अजिनोमोटो बाजारात आलं ते त्यातूनच. १९१३ मध्ये त्यांचेच शिष्य शिंतारो कोदामा यांनी कात्सुओबुशीतला इनोसिनेट हा तसाच चव देणारा घटक शोधला. हे दोन एकत्र आले की चव बेरजेने वाढत नाही, कैक पटींनी वाढते. जपानी स्वयंपाकघरांना हे शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं, म्हणून तर दाशीत दोन्ही पडतात. पण गंमत पुढे आहे. सुकवलेल्या शिताके अळिंबीत ग्वानिलेट नावाचं द्रव्य असतं आणि तेही ग्लुटामेटबरोबर नेमकं हेच काम करतं. म्हणजे कोम्बू आणि सुके शिताके गार पाण्यात रात्रभर भिजत घातले की सकाळी मासा नसलेली उत्तम दाशी तयार. जपानमधल्या बौद्ध मठांत शोजिन र्‍योरी नावाची शाकाहारी स्वयंपाकाची परंपरा शतकानुशतकं चालत आली आहे, ती याच पाण्यावर. तेव्हा ‘जपानी जेवणात व्हेज जमत नाही’ हे कोणी सांगू नये. जमतं. एक पातेलं आणि आदल्या रात्रीची आठवण लागते. ते करायचं नसेल तर सूपपुढचं हिरवं पान खोडा, आमची काही हरकत नाही. शाकाहारी माणूस एक वाटी सूपवाचून उपाशी मरत नाही.

उरलेल्या जेवणाचं थोडक्यात सांगते, कारण वाईट जेवण कुठेही मिळतं आणि त्यासाठी कोणी संपादकांना पत्र लिहीत नाही. सुशीचा भात फ्रीजमधून काढलेला होता. शिजलेल्या भातातला स्टार्च फ्रीजच्या थंडीत पुन्हा घट्ट होतो, दाणे कडक आणि खडबडीत होतात. म्हणून सुशीचा भात अंगाइतका कोमट असावा लागतो. यजमानांच्या काकडीच्या रोलवरची नोरी, म्हणजे भाताभोवती गुंडाळलेलं समुद्री शेवाळाचं पातळ पान, इतकी चिवट झाली होती की दातांनी ओढून तोडावी लागली. नोरी भातातला ओलावा झपाट्याने शोषते, रोल वळला की लगेच खायचा असतो. हे रोल केव्हा वळले होते कोण जाणे. टेम्पुरा, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेला पदार्थ, बाकीच्या सगळ्या पदार्थांबरोबर एकदमच टेबलावर आला, खालच्या बाजूने ओला. कव्हर हलकं राहावं म्हणून पीठ बर्फाच्या पाण्यात जेमतेम कालवायचं, घोटायचं नाही, म्हणजे पीठ चिवट करणारं ग्लुटेन फारसं तयार होत नाही. आणि तळला की तो थांबत नाही. इथे तो बराच थांबला होता. माझ्या निगिरीवरचा, म्हणजे भाताच्या छोट्या मुटक्यावर ठेवलेला, ट्यूना मध्यभागी गोठलेलाच होता. गोठवण्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट कच्च्या माशातले परजीवी मारण्यासाठी ते योग्यच आहे. अमेरिकेच्या अन्न प्रशासनाच्या नियमावलीत उणे २० अंशांना सात दिवस हे प्रमाण दिलेलं आहे. पण ग्राहकापुढे ठेवण्याआधी तो वितळू द्यायचा असतो.

एदामामे, म्हणजे मीठ लावलेल्या सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, छान होत्या. यजमानांचं जेवण बव्हंशी त्यांच्यावरच झालं.

आता वासाबी, म्हणजे सुशीबरोबर देतात ती झणझणीत हिरवी चटणी. मेन्यूकार्डावर लिहिलं होतं ‘फ्रेश वासाबी’. ताटलीत आला पोपटी रंगाचा गुळगुळीत गोळा. हॉर्सरॅडिश नावाचं तिखट मूळ, मोहरी आणि रंग. खरा वासाबी महाग असतो, वाहत्या गार पाण्यात वाढतो, काढणीला वर्ष-दीड वर्ष आणि पुष्कळदा त्याहून जास्त लागतं. जपानमध्येही बर्‍याच ठिकाणी हा नकली गोळाच मिळतो. तो दिला म्हणून मी रागावले नाही. ‘फ्रेश’ लिहिलं म्हणून रागावले. वासाबीच्या अख्ख्या कंदाला तो झणका नसतोच. किसताना पेशी फुटतात, त्यातलं एन्झाइम बाहेर येऊन सिनिग्रिन नावाच्या घटकावर काम करतं आणि तेव्हा कुठे नाकात जाणारं ते द्रव्य, अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट, तयार होतं. ते उडून जाणारं असल्यामुळे किसलेल्या वासाबीचा वास काही मिनिटांतच उतरू लागतो. म्हणून चांगल्या ठिकाणी तो ऐनवेळी किसतात. ज्याला ‘फ्रेश’ म्हणायचं तो कंद दाखवता आला पाहिजे. मी कंद दाखवा म्हटलं, तेव्हा शेफ पुन्हा कामात होते.

काहीजण म्हणतील, बाई सोवळं पाळतात. मुळीच नाही. टेम्पुरा सोळाव्या शतकात पोर्तुगिजांकडून जपानात गेला. निगिरी सुशी एकोणिसाव्या शतकात एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, रस्त्यांवर उभ्या उभ्या खाल्ली जायची, घाईत असलेल्या लोकांचं खाणं होतं ते. मेयोनीज घातलेले, क्रीम चीज भरलेले रोल जपानबाहेर जन्मले आणि लोक ते आवडीने खातात, खावेत. कशात काहीही मिसळा, फक्त काय मिसळलंय ते खरं सांगा.

जपान सरकारला यातलं काही नवीन नाही. २००६ मध्ये तिथल्या कृषी खात्याने परदेशातल्या जपानी हॉटेलांना अस्सलपणाचं प्रमाणपत्र देण्याची योजना काढली, तेव्हा ‘सुशी पोलीस’ म्हणून तिची जगभर टिंगल झाली आणि ती गुंडाळावी लागली. पुढे २०१६ पासून परदेशी आचार्‍यांसाठी सुवर्ण, रौप्य आणि कांस्य अशा तीन पायर्‍यांची ऐच्छिक प्रमाणपत्रं सुरू झाली. त्याच खात्याच्या अंदाजानुसार जपानबाहेरची जपानी हॉटेलं २०१३ मध्ये सुमारे ५५ हजार होती, २०२३ मध्ये ती सुमारे १ लाख ८७ हजार झाली. एवढ्या हॉटेलांवर टोकियोतून कोण लक्ष ठेवणार? ते काम ज्या त्या गावच्या वाचकांनी आणि वर्तमानपत्रांनीच करायचं.

म्हणून ही विनंती आपल्याला. आपले प्रतिनिधी हॉटेलात जातात, फोटो काढतात, मालकाशी बोलतात. तिथे त्यांनी सूपचं पाणी कशाचं आहे एवढं विचारावं, आणि पावडरचं असेल तर पाकीट उलटं करून वाचावं. याला स्वयंपाक यावा लागत नाही. शाकाहारी, माशांची अ‍ॅलर्जी असलेले, असे कितीतरी वाचक आपल्या सदरावर भरवसा ठेवून जातात. अ‍ॅलर्जीवाल्याला तो एक घोट चेहरा खुलण्यावर थांबणार नाही. आणि दिव्यांचं वर्णन दोन ओळींनी कमी झालं तर मी तरी त्याबद्दल पत्र लिहिणार नाही.

जाताना मॅनेजरने बिलातून सूपचे पैसे वजा केले आणि विषय संपल्यासारखं हसले. दुसर्‍या दिवशी मी हॉटेलला सविस्तर मेल पाठवली, मेन्यूकार्डावरचं हिरवं पान काढा म्हणून. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं यंत्राने लिहिलेलं उत्तर तत्काळ आलं. माणसाचं अजून यायचं आहे.

पत्र छापणार असाल तर कृपया माझं नाव आणि आम्ही कोणत्या वारी गेलो होतो ते छापू नये. त्या हॉटेलात त्या दिवशी दाशी, पाकीट असली चौकशी करणारं दुसरं कोणी असण्याचा संभव कमी, आणि ते रिकामं पाकीट कोणी आणून दाखवलं हे मॅनेजरांना कळलं तर त्या मुलाची नोकरी जाईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका