काकूंची शुक्रवारची टेस्ट आणि चहा

प्रिय मिलिंद,

काकूंची स्ट्रेस थॅलियम, म्हणजे हृदयाला रक्त नीट पोचतं का ते बघणारी टेस्ट, शुक्रवारी ठरल्याचं तू कळवलंस. फोनवर घाईघाईत अर्धंच बोलणं झालं, म्हणून सविस्तर लिहितोय.

गुडघ्यांमुळे काकूंना ट्रेडमिलवर चालवणार नाहीत, इंजेक्शन देऊन टेस्ट करतील. चालून करायची असती तर चहाचं एवढं अडलं नसतं. इथे मात्र शिरेतून ॲडेनोसिन नावाचं औषध सोडतात, चार ते सहा मिनिटं. त्याने हृदयाच्या निरोगी रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्त तिपटी-चौपटीने वाहू लागतं. आतून अरुंद झालेल्या वाहिनीला ते जमत नाही. मग किरणोत्सारी औषध टोचून गॅमा कॅमेऱ्याखाली झोपवलं की चांगला भाग उजळ दिसतो, रक्त कमी मिळणारा फिका. सगळी टेस्ट या फरकावर उभी आहे. आणि ॲडेनोसिन पेशींवर जिथे जाऊन बसतं, नेमक्या त्याच जागा चहा-कॉफीतलं कॅफीन आधीच अडवून ठेवतं. वाहिन्या पुरेशा सैल होत नाहीत, फोटो सगळीकडे सारखा येतो, आणि अडथळा असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

बाबांच्या याच टेस्टच्या वेळी काय झालं ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. आम्हाला दिलेल्या कागदावर 'कॉफी घेऊ नये' एवढंच होतं. चहाचा शब्द नाही. त्याचा मला आजही राग येतो, कारण आपल्याकडे किती घरांत सकाळी कॉफी होते? पहाटे पाचला मला स्वयंपाकघरात बशीचा आवाज आला होता. सेंटरवर गेल्यावर तिथल्या मुलीने विचारलं, "आजोबा, कालपासून चहा-कॉफी काही?" बाबा म्हणाले, "काही नाही." त्यांची नजर खाली होती. मी सांगून टाकलं, अर्धा कप झालाय. टेस्ट रद्द झाली. त्या दिवसासाठी तयार केलेलं औषध वाया गेलं. टेस्टचं नाव थॅलियम असलं तरी त्यात टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य होतं; ते दर 6 तासांनी निम्मं होतं, उद्यासाठी ठेवता येत नाही. बाबा रिक्षात घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. चार दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त कमी पडतंय हे दिसलं. पुढे अँजिओग्राफी, स्टेंट. पहिल्या दिवशी मी गप्प बसलो असतो तर कदाचित हे दिसलंच नसतं, हा विचार अजून रात्री येतो.

म्हणून रद्द झाली तर होऊ दे, पण काकूंनी लपवू नये. त्या भिडस्त आहेत, तुला त्रास नको म्हणून 'काही नाही' म्हणतील. तू समोर उभा राहा.

निदान 12 तास तरी कॅफीन बंद हवं, बरीच सेंटर 24 सांगतात. शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, आणि ते माणसागणिक बदलतं. तू 24 धर. चहा, कॉफी, कोला, चॉकलेट सगळं बंद. डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली कॉफीही नको, त्यातही थोडं उरतंच. चहा तुटला की काकूंचं डोकं दुखणार, तेव्हा डब्यातली सॅरिडॉन देऊ नकोस. तिच्यात कॅफीन आहे. काय चालेल ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेव. आजपासूनच कप लहान केलास तर गुरुवार सोपा जाईल.

आणखी एक. काकूंना दम्यासाठी डेरिफायलीन चालू होती ना? तिच्यातलं थिओफायलीनही कॅफीनसारखंच ॲडेनोसिनला अडवतं. मुळात दमा असेल तर हे इंजेक्शन द्यायचं का, हेच डॉक्टर ठरवतात. तेव्हा सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन आजच त्यांना भेट. मनाने एकही बंद करू नकोस.

गुरुवारी संध्याकाळी फोन करतो. शुक्रवारी मी येतोच आहे, आलं घातलेला चहा थर्मासमध्ये घेऊन. तिथले लोक 'आता चालेल' म्हणाले की पहिला कप काकूंना.

तुझा,
अविनाश