गुडघ्याचं खरं खरं लिहितेय

लीड्स, ६ डिसेंबर

दादा, वहिनी, नमस्कार. आईला साष्टांग नमस्कार सांगा.

रविवारी व्हिडिओ कॉलवर मी किचनमधून हॉलमध्ये येताना वहिनीनं बरोबर बघितलं, अगं गुडघा बदलून आठ महिने झाले अजून लंगडतेस म्हणाली, मग दादा मागून ओरडला की इंदूरला करून घेतलं असतंस तर आत्तापर्यंत राजवाड्याला चक्कर मारून आली असतीस, आणि तेवढ्यात आईनं विचारलं काय झालं गं, म्हणून मी नेट खराब आहे सांगून फोन ठेवला. नेट चांगलं होतं. आईला हे वाचून दाखवाल तेव्हा मधलं गाळा.

तर गुडघा. परत एक्सरे झाला, रक्त तपासलं, इन्फेक्शन नाही, बसवलेला सांधा जागेवर घट्ट आहे. हाडावर हाड घासायचं ते आधीचं दुखणं गेलं ते गेलंच, रात्री झोप लागते. आता आहे ते वेगळं आहे. संध्याकाळी हात लावला की हा गुडघा दुसऱ्यापेक्षा कोमट लागतो आणि आवळल्यासारखा होतो, जसा काही ओला पंचा पिळून गच्च बांधलाय. टाक्यांच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढी जागा बधिर आहे, कापताना तिथली बारीक नस जातेच, बहुतेकांचं असं होतं. खुर्चीतून उठताना टक् वाजतं, ते आतलं धातू आणि प्लास्टिक. सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं म्हणाले, काहींना जास्तही, आणि दहातल्या एक-दोघांचं दुखणं थोडंफार राहतं. माझं राहणार की जाणार हे आत्ता कुणालाच सांगता येणार नाही, आणि इंदूरला केलं असतं तरी हेच असतं दादा. उलट वहिनीला आईचंही बघा आणि माझंही बघा असं झालं असतं.

व्यायाम बुडवत नाही. गोळ्या लागल्या तरच घेते. यांनी पहिले दोन महिने सगळा स्वयंपाक केला, तेव्हा यांना काही बोलू नका. आणि जिन्याचं म्हणशील तर घरी सोडायच्या आधीच फिजिओ जिना चढवून-उतरवून बघतात, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. दादा, तुझेही गुडघे बोलायला लागलेत, हे लक्षात ठेव.

आता इथलं एक सांगते. इथे गुडघ्यावर मटार ठेवतात. खरंच. आपल्याकडे थंडीत आई ओट्यावर बसून कचोरीसाठी परातभर मटार सोलायची, इथे सोलायची पद्धतच कमी, गोठवलेले दाणे पाकिटात मिळतात आणि प्रत्येक घरात एक पाकीट असतंच. मी दवाखान्यातून आले त्या दिवशी शेजारच्या बाई दोन पाकिटं घेऊन दारात, मला वाटलं आपण आजारी माणसाला नारळपाणी नेतो तसं असेल, मी थँक्यू म्हणून भाजीला काढून ठेवणार तर त्या म्हणाल्या नाही नाही, गुडघ्याला! बर्फाचा खडा एका जागी टोचतो, मटाराचे दाणे सुटे असतात म्हणून पाकीट गुडघ्याच्या वाटीच्या दोन्ही बाजूंनी नीट बसतं. डायरेक्ट ठेवायचं नाही, पातळ टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, कारण थंडीनंही कातडी भाजते आणि बधिर जागी ते कळतसुद्धा नाही. एक वितळलं की दुसरं, म्हणून दोन. ते मटार मग खायचे नाहीत, सारखे वितळून गोठतात ना, म्हणून पाकिटावर पेनानं मोठी फुली मारतात. माझ्या फ्रीजरमध्ये आत्ता फुलीची दोन आणि बिनफुलीचं एक आहे. बाईंनी त्या दिवशी दारातच टॉवेल मागून स्वतः बांधून दाखवलं, मला एकदम आईचा हात आठवला.

वहिनी, जूनमध्ये आई तीन रात्री दवाखान्यात होती तेव्हा मी कुबड्यांवर होते. इतक्या लांबच्या विमानात पायात गुठळी व्हायची भीती असते म्हणून तीन महिने प्रवास नको सांगितला होता, बहाणा नव्हता गं तो. पण तू तीन रात्री स्टुलावर काढल्यास आणि मी इथे पाय उशीवर ठेवून मेसेज बघत होते, ते जात नाही मनातून.

गच्चीच्या कामाचे माझ्या हिश्श्याचे दीड लाख टाकलेत, दादा परत पाठवू नकोस. मनूच्या लग्नाचे वेगळे देईन, आणि दागिन्याचं तिलाच विचारा, आपण ठरवू नका. मुलाकडचे पुण्याचे आहेत तर मानपानाचं आधीच स्पष्ट बोलून घ्या. तिकीट काढलंय, २ फेब्रुवारीला निघते, दिल्लीहून इंदूर. यांना सुट्टी नाही, एकटीच येतेय, एअरपोर्टवर व्हीलचेअर सांगितलीये म्हणून घाबरू नका, ती फक्त लांबच लांब चालण्यासाठी.

आईला सांगा मनूची आत्या मुहूर्ताला नक्की असेल. जात्यावर बसता येणार नाही, मांडी घालता येत नाही अजून आणि गुडघे टेकता येत नाहीत. पण हळद कांडायला मुसळ उभ्यानं धरता येतं, मी घरी झाडू उभा धरून करून बघितलं. तेवढं माझ्यासाठी ठेवा.

तुमची
ताई