रिपोर्टची तारीख तरी सांगा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या बायकोच्या हाताला छातीत गाठ लागली. वय 52. सोनोग्राफी झाली, मॅमोग्राफी झाली, मग बायोप्सी. सुईने तुकडे काढून डबीत घातले आणि काउंटरवर सांगितलं रिपोर्ट आला की फोन करू. कधी विचारलं तर म्हणे आठ-दहा दिवस धरा. संपलं, पुढचं टोकन.

मॅमोग्राफीच्या कागदावर बायरॅड्स 4 लिहिलेलं. मी तो चारचा आकडा बघितला आणि मला वाटलं चौथी स्टेज, चार दिवस मी कुणाला बोललो नाही, जेवण उतरत नव्हतं. नंतर कळलं तिनेही तोच आकडा वाचून तेच धरलं होतं आणि मला कळू नये म्हणून तीपण गप्प होती. एका घरात दोघं. त्या आकड्याचा स्टेजशी काही संबंध नसतो हो, त्याचा अर्थ एवढाच की संशय आहे, तुकडा काढून तपासा, आणि त्यात कॅन्सर निघायची शक्यता 2 टक्क्यांपासून 95 टक्क्यांपर्यंत कितीही असू शकते. हे कागद हातात देतानाच कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

माझंही चुकलं. ती काही बोलायला लागली की मी लगेच म्हणायचो, काही होत नाही गं. एका रात्री अडीचला ती स्वयंपाकघरात दिवा न लावता बसली होती, म्हणाली, अहो तुम्ही असं म्हणलात की मला पुढं बोलताच येत नाही. दुसऱ्या दिवशी ती एफडीच्या पावत्या आणि गॅसचं पुस्तक घेऊन आली, कुठं काय ठेवलंय ते दाखवायला, आधी मी ओरडलो, अभद्र बोलू नकोस म्हणून, मग संध्याकाळी वही घेऊन तिच्याजवळ बसलो आणि ती सांगेल ते सगळं लिहून घेतलं. त्या रात्री तिला झोप लागली. नातेवाईकांचे "आला का रिपोर्ट" फोन तेवढे मी माझ्याकडे घेतले, तिचा मोबाईल सायलेंट.

रिपोर्ट आला तो रात्री साडेनऊला, माझ्या व्हॉट्सॲपवर पीडीएफ, इंग्रजीत. ती भाकऱ्या थापत होती. कॅन्सर आहे हे मी ओट्याशी उभं राहून वाचलं आणि तिला मलाच सांगावं लागलं, कसं सांगितलं मला आता आठवत पण नाही.

आता पुण्याला दाखवतोय. तिथल्या डॉक्टर बाईंनी दोघांना समोर बसवलं आणि कागदावर काढून दाखवलं, तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये ठेवतात, कमीत कमी 6 तास आणि जास्तीत जास्त 72, मग मेणात बसवून त्याचे पातळ काप काढतात, रंग देतात, मग मायक्रोस्कोपखाली बघतात. आता त्याच तुकड्यावर ईआर, पीआर, हर-टू म्हणजे कॅन्सरच्या पेशींमधली तीन प्रथिनं तपासणार, औषध कुठलं द्यायचं ते त्यावर ठरतं. हर-टू 2 प्लस, म्हणजे धड हो नाही धड नाही असा, आला तर फिश नावाची अजून एक टेस्ट लागेल, आणखी काही दिवस जातील, पण उशीर झाला म्हणजे वाईट निघालं असं धरू नका म्हणाल्या. थांबणं आताही आहेच, भीती पण आहे, पण या वेळी आम्ही दोघं एकमेकांशी बोलतोय.

म्हणून सगळ्या हॉस्पिटल आणि लॅबवाल्यांना कळकळीची विनंती आहे, बायोप्सी झाली की मराठीत एक चिठ्ठी द्या, रिपोर्ट अंदाजे कुठल्या तारखेला येईल, एवढे दिवस का लागतात, आणि तो कोण सांगणार. आणि असला रिपोर्ट मोबाईलवर टाकायच्या आधी पेशंटला आणि घरच्या एका माणसाला बोलावून घ्या, डॉक्टरांच्या तोंडून कळू दे.

आम्हाला गुरुवारी साडेअकराची वेळ दिलीय. पहाटेच्या एसटीची दोन तिकिटं काढून ठेवलीत.

आपला,
एक वाचक, सातारा