शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र : दृश्य, श्राव्य आणि ‘हातना पोऱ्या’

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : प्राथमिक शाळेतील मुलांची अध्ययनशैलीनुसार वर्गवारी न करण्याबाबत.

महोदय,

धुळे जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत मी चौतीस वर्षे नोकरी केली. त्यांतील पहिली अकरा वर्षे शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी गेली आणि उरलेली साक्री तालुक्यात पांझरेच्या काठाने. आता निवृत्त असल्यामुळे या पत्राबद्दल माझ्याकडून कोणी खुलासा मागवणार नाही, आणि सेवेत असताना जे केवळ शिक्षण परिषदेतल्या चहाच्या वेळी बोलता येत होते ते येथे मोकळेपणाने लिहिता येत आहे.

निवृत्तीच्या दोन-तीन वर्षे आधी एका प्रशिक्षणात आम्हाला प्रत्येक विद्यार्थ्याची अध्ययनशैली ठरवण्यासाठी एक प्रश्नावली देण्यात आली. वीस प्रश्न आणि प्रत्येकाला तीन पर्याय. ‘अ’ जास्त आले की मूल दृश्य शैलीचे, ‘ब’ जास्त आले की श्राव्य, ‘क’ जास्त आले की कृतिशील. त्यानुसार वर्गात तीन गट करून बसवावे, तिघांना तीन तऱ्हांनी शिकवावे आणि भरलेली माहिती शनिवारपर्यंत लिंकवर टाकावी, अशी सूचना होती. दुसरीतल्या मुलांना ती प्रश्नावली वाचता येईना, म्हणून आम्ही ती मोठ्याने वाचून दाखवली. म्हणजे ज्याला ऐकून कळत नाही असे ठरवायचे होते, त्यालाही ऐकवूनच ठरवले.

त्या वर्गात सालदारकीला, म्हणजे वर्षाच्या बोलीने शेतमजुरीला, आलेल्या एका पावरा आदिवासी कुटुंबातली मुलगी होती. तिने वीसच्या वीस प्रश्नांना ‘अ’वर खूण केली आणि लिंकवर ती ‘दृश्य’ झाली. खरी गोष्ट अशी होती की तिच्या घरी पावरी बोलली जात होती, गल्लीत अहिराणी कानावर पडत होती, आणि प्रश्नावलीतली मराठी तिच्यासाठी तिसरी भाषा होती. तिला प्रश्नच कळले नव्हते. न कळल्याची खूण करायला त्या कागदावर चौथा पर्याय नव्हता.

दुसरे उदाहरण मला अधिक लागते, कारण त्यात माझा हात आहे. एका मुलाची नोंद मी स्वतः ‘कृतिशील’ अशी केली आणि पालकसभेत त्याच्या वडिलांना ती समजावूनही सांगितली. पुढे वर्षभर तो बिया मोजत, मातीकाम करत, बागेला पाणी घालत राहिला. चौथीत गेला तरी त्याला जोडाक्षरे वाचता येत नव्हती, म्हणून मी वडिलांना बोलावून घेतले. ते अगदी समजुतीने म्हणाले, “गुर्जी, हाऊ हातना पोऱ्या शे.” हाताचा मुलगा आहे, वाचणारा नव्हे. माझेच वाक्य त्यांनी मला परत केले होते, आणि शेतमजुराच्या मुलाच्या बाबतीत ते वाक्य किती सहज पटते हे मला त्या दिवशी कळले.

महोदय, या कल्पनेला शास्त्राचा आधार आहे असे आम्हाला सांगितले गेले, म्हणून त्याविषयीही लिहितो. न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग यांनी १९९२च्या सुमारास पाहणे, ऐकणे, वाचणे-लिहिणे आणि कृती करणे अशी चार प्रकारांची मांडणी केली. आमच्याकडे आलेला कागद तिचाच दूरचा नातेवाईक असावा. अशा मांडण्या पुष्कळ आहेत. इंग्लंडमध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली त्यांचा आढावा घेतला, तेव्हा एकूण ७१ प्रारूपे आढळली. एकाच मुलाला ७१ तऱ्हांनी वेगवेगळा शिक्का मारता येत असेल, तर त्या शिक्क्यांची किंमत काय, हा प्रश्न साध्या शिक्षकालाही पडावा. २००८ साली हॅरोल्ड पॅशलर आणि तीन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी नेमका मुद्दा तपासला : मुलाच्या शैलीशी जुळणारी शिकवणी दिली तर ते अधिक शिकते का? तसे मानण्याजोगा पुरेसा पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धान्त १९८३ साली मांडणारे हॉवर्ड गार्डनर यांचे नाव आमच्या प्रशिक्षणात आदराने घेतले गेले. पण बुद्धिमत्तेचे प्रकार आणि अध्ययनशैली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्वतः गार्डनर यांनीच जाहीरपणे सांगितलेले आहे.

मुलांच्या आवडी वेगवेगळ्या नसतात असे माझे म्हणणे नाही. कोणाला चित्र आवडते, कोणाला गाणे. परंतु आवडते ते आणि ज्याने शिकणे होते ते, ही दोन्ही एकच असतील असे नाही. पाठ कोणत्या रीतीने द्यायचा हे मुलाच्या शिक्क्यावरून नव्हे, तर पाठात काय आहे यावरून ठरते. तापी कोठून कोठे वाहते हे नकाशाशिवाय कळणार नाही, मूल कितीही ‘श्राव्य’ असो; आणि कवितेची चाल कानानेच घ्यावी लागते.

हातच्याची वजाबाकी घ्या. बेचाळीसातून सतरा वजा करायचे आहेत. खराट्याच्या काड्या मोडून दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधलेल्या. चार जुड्या आणि दोन सुट्या काड्या मुलांसमोर ठेवल्या. सात द्यायच्या आहेत आणि सुट्या तर दोनच. वर्ग गप्प. मग त्याच पावरा मुलीने, लिंकवरच्या ‘दृश्य’ मुलीने, कोणी न सांगता एका जुडीचे रबर काढले. दहा काड्या जमिनीवर पसरल्या, सुट्या बारा झाल्या, त्यांतून सात गेल्या, पाच उरल्या. तीन जुड्यांतून एक गेली, दोन राहिल्या. पंचवीस. त्यानंतर मी तेच फळ्यावर मांडले, मुलांनी तोंडाने म्हटले आणि शेवटी पाटीवर लिहिले. हात, डोळा, कान आणि लेखणी या चारही गोष्टी प्रत्येकाला लागल्या. तीन गट करून बसवले असते तर प्रत्येक गटाला वजाबाकीचा एकेक तुकडा मिळाला असता.

आमच्या खानदेशात मुलामुलांत जो खरा फरक आहे तो मला भाषेचा दिसतो. “एकूण किती?” असे विचारले की गप्प बसणारी मुले “बठ्ठा कितला?” असे विचारताच उत्तर देतात, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. नंदुरबारच्या डोंगराळ भागात भिली, पावरी, मावची, आमच्याकडे अहिराणी. शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे, असे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९मध्ये लिहिले आहे आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तेच सांगितले आहे. मग मुलाच्या नोंदीत शैलीचा रकाना ठेवण्याऐवजी घरी कोणती भाषा बोलली जाते याचा रकाना ठेवावा, आणि पहिली-दुसरीच्या वर्गावर ती बोली येणारा शिक्षक किंवा गावातलाच मानधनावरचा मदतनीस द्यावा. साठपर्यंत पट असलेल्या शाळेत दोनच शिक्षक असतात आणि वर्ग चार किंवा पाच; प्रत्येक वर्गाचे आणखी तीन गट पाडायचे म्हटले तर त्या दोघांनी काय करायचे, याचा हिशेब प्रशिक्षणात कोणी मांडला नव्हता. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांची शैली कोणती, हेही कोणी विचारले नाही.

शेवटची विनंती लहान आहे. ज्या शाळेत मी शेवटी होतो तेथे गणिताची एक पेटी होती. तिच्यातले ठोकळे, मणी, तराजू सगळे नव्यासारखे होते, कारण ती कपाटात कुलूपबंद असे. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद असलेली वस्तू हरवली की मुख्याध्यापकाला दप्तर तपासणीत उत्तर द्यावे लागते, या धास्तीने आधीच्या मुख्याध्यापकांनी ती जपली आणि खरे सांगायचे तर मीही जपली. काड्या मी घरच्या खराट्यातून आणल्या, कारण त्या हरवल्या तरी कोणी विचारणार नव्हते. तेव्हा मुलांच्या हाताळणीने मोडलेल्या किंवा हरवलेल्या शैक्षणिक साहित्याचे दरवर्षी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावावर निर्लेखन करता यावे, म्हणजे ते नोंदवहीतून कमी करता यावे, आणि त्याची वसुली शिक्षकाकडून होऊ नये, असा स्पष्ट आदेश आपल्या विभागाने काढावा.

कळावे.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक
ता. साक्री, जि. धुळे