तिजोरी आणि खुर्ची एकाच माणसाकडे

संपादक साहेब,

राजकारणी आणि बँकर एकच माणूस असला की काय होतं त्याचा एक अमेरिकन किस्सा सांगतो. लेन स्मॉल, इलिनॉयमधल्या कँककीचा, जन्म 1862, गावात स्वतःची बँक होती आणि राज्याचा ट्रेझरर, म्हणजे खजिनदार पण झाला, दोनदा. आता गंमत बघा, सरकारचा पैसा ठेवला कुठे तर ग्रँट पार्क बँकेत, जी तेव्हा नुसती कागदावर होती! ना काउंटर ना कॅशियर. तिथून तो पैसा शिकागोच्या मोठमोठ्या मांस कंपन्यांना कर्जाऊ जायचा, त्या व्याज चांगलं भरायच्या पण सरकारच्या खात्यात त्यातलं कमीच यायचं, मधला फरक कुठे जिरला हाच तर खटला होता. मी स्वतः 30 वर्ष बँकेत लेजर लिहिलंय, संध्याकाळी 10 पैसे जुळले नाहीत तर घरी जाता यायचं नाही आम्हाला.

1921 ला हा गव्हर्नर झाला (तिकडे हे निवडून येणारं पद, आपल्या मुख्यमंत्र्यासारखं) आणि त्याच वर्षी आरोपपत्र. 1922 ला वॉकीगनच्या ज्युरीने निर्दोष सोडला, पण नंतर त्यातल्याच काही ज्युरींना सरकारी नोकऱ्या मिळाल्या म्हणे, योगायोग हो! दिवाणी दाव्यात मात्र शेवटी साडेसहा लाख डॉलर भरावेच लागले. तरी 1924 ला लोकांनी परत निवडून दिला कारण रस्ते जबरदस्त केले, काँक्रीटचे, हजारो मैल. 1928 ला पक्षातल्याच प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, आपटला.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली