कागदी विमानांची घडी बसवू या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुटीत आमच्या गिरगावातल्या चाळीच्या गच्चीवरून मुले कागदी विमाने सोडतात, पण ती सगळी एकाच साच्याची असतात. वास्तविक एका ए-फोर कागदाला कात्री किंवा डिंक न लावता, केवळ घड्या घालून तेजस या भारतीय लढाऊ विमानाशी किंवा कॉनकॉर्ड या ध्वनीहून वेगवान जुन्या प्रवासी विमानाशी मिळताजुळता आकार देता येतो, कारण या दोन्ही विमानांचे पंख मुळात त्रिकोणी आहेत आणि नाकापासून दुमडत नेलेला कागदही आपसूक त्रिकोणीच होतो. याउलट लांब, अरुंद पंखांचे आणि आडव्या शेपटाचे प्रवासी विमान घडवताना भल्याभल्यांची दमछाक होते. मी स्वतः त्यात कितीतरी रद्दी वाया घालवली आहे.

नेहमीच्या ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम) जाडीच्या एका ए-फोर कागदाचे वजन जेमतेम ५ ग्रॅम असते. त्यातले अधिक वजन पुढे आणल्याशिवाय तोल राहत नाही, म्हणून नाकाशी घड्या जास्त घालाव्यात; तरीही विमान नाक खाली घालू लागले, तर पंखांच्या मागच्या कडा किंचित वर वळवाव्यात. तेजसचे नाक वर उचलले जाते तेही पंखांमागच्या झडपा वर वळवूनच.

मुंबईचे विमानांशी नाते जुने आहे; १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानाने जुहूला उतरले. आपल्या बालपुरवणीत तेजस, कॉनकॉर्डसारख्या कागदी विमानांच्या घड्यांच्या आकृत्या क्रमाने छापाव्यात, ही विनंती.

आपला,
एक वाचक, गिरगाव, मुंबई